लांडगीचं मिटलेलं तोंड

शर्वाणी चौगुलेच्या हाताखालून गेलेल्या विद्यार्थ्याला पुढे आयुष्यात दोन गोष्टींचं भय उरत नसे. एक जनावरांचं आणि दुसरं अपमानाचं. जनावरांचं अशासाठी, की दर गुरुवारी ती अख्खा वर्ग घेऊन कोल्हापूरच्या निसर्ग संग्रहालयात जायची आणि पेंढा भरलेल्या बिबट्यापासून बरणीतल्या घोणसापर्यंत सगळ्यांची चित्रं काढायला लावायची. अपमानाचं कशासाठी, ते तिथं बसलेल्या कुणालाही पाच मिनिटांत कळायचं.

"हे काय आहे? साळिंदर? मला वाटलं, झाडू उभा करून ठेवलायस."

चुकलेल्या चित्राच्या कोपऱ्यात ती लाल पेन्सिलीनं बरोबर चित्र काढून द्यायची. दोन-चार रेघांत, आणि इतकं अचूक की रागवायचीही सोय नाही. चित्रकलेच्या कॉलेजची ती जुनी रीतच होती. तिच्या सरांनी तिच्या कागदांवर हेच केलं होतं. विद्यार्थ्यानं मग तो कोपरा बघून आपलं चित्र सुधारायचं. कोपरा बघून, जनावर बघून नाही. हा फरक इतक्या वर्षांत कुणाच्याच लक्षात आला नव्हता, कारण असले फरक लक्षात आणून देण्याचं काम शर्वाणीचंच होतं.

संग्रहालयाच्या मधल्या दालनात, जाड काचेच्या पेटीत, लांडगी उभी होती. माळरानावरची शेवटची लांडगी. तिच्यात पेंढा नव्हता. ती मेलेलीही नव्हती, निदान कागदोपत्री तरी.

त्याचं असं झालं. शेवाळात एक जीव राहतो, पाणअस्वल म्हणतात त्याला. नुसत्या डोळ्यांना जेमतेम ठिपक्याएवढा. भोवतीचं पाणी आटलं तरी हा गडी मरत नाही. अंगातल्या पाण्याची जागा एका खास प्रथिनानं भरून टाकतो, आतून काचेसारखा घट्ट होतो आणि वर्षानुवर्षं तसाच पडून राहतो. पाण्याचा थेंब पडला की उठून चालायला लागतो. शास्त्रज्ञांनी ते प्रथिन घेतलं, त्यात एक प्रकारची साखर मिसळली आणि भूल दिलेल्या प्राण्याच्या नसांतून रक्ताच्या जागी ते द्रावण खेळवलं. बर्फ झाला असता तर त्याच्या टोकांनी पेशी फाटल्या असत्या. काचेला टोकं नसतात. रेणू जिथल्या तिथं अडकून पडतात. आणि रसायनच हललं नाही तर वय कुठून वाढणार, भूक कुठून लागणार, मरण तरी कुठून येणार? शीतपेटी नको, वीज नको, नुसतं दालनात उभं करून ठेवायचं. परत उठवायची रीत तेवढी सापडायची होती. ती वीस-पंचवीस वर्षांत सापडेल असं सगळे म्हणत होते, आणि दर वर्षी वीस-पंचवीसच म्हणत होते.

लांडगी संग्रहालयात आली त्याच आठवड्यात शर्वाणीनं तिचं चित्र काढलं. कान टवकारलेले, नजर दूर कुठंतरी, तोंड शांत मिटलेलं. त्या चित्राला राज्य पुरस्कार मिळाला. मग ते दालनाच्या दाराशी टांगलं गेलं, तिकिटावर छापलं गेलं, पिशव्यांवर आणि फ्रिजला चिकटवायच्या चुंबकांवर गेलं. लोक आधी चित्र बघायचे आणि मग लांडगी. "हुबेहूब आहे की ओ," असं म्हणायचे ते लांडगीला बघून.

तुम्ही म्हणाल, फोटो नव्हते का काढत कुणी? काढत होते, ढिगानं. पण तोवर फोनच्या कॅमेऱ्यांनी बघणं सोडून दिलं होतं. समोर ताजमहाल आहे असं कळलं, की फोन आपल्या पोतडीतला चांगला ताजमहाल काढून तुमच्या फोटोत नीट बसवून द्यायचा. धुकं नाही, कावळा नाही. लांडगीही तशीच प्रसिद्ध झाली होती. तिच्यासमोर धरलेला प्रत्येक फोन शर्वाणीची लांडगी दाखवायचा.

लांडगीला सात वर्षं झाली तेव्हा प्रश्न आला माणसांचा. असाध्य दुखण्याच्या रोग्यांना अशाच पेटीत ठेवायची परवानगी एक कंपनी मागत होती. सरकारनं समिती नेमली. समितीनं विचारलं, सात वर्षांत लांडगीत तसूभर तरी बदल झालाय का? आता पेटी उघडली तर आत दमट हवा शिरणार, आणि बाहेरून यंत्र लावलं तर त्या जाड, वळणदार काचेतून येणारा आकडा नुसता हेलकावे खाणार. कंपनी स्वतः मोजायची ते फक्त अंगावरचे तडे. तेव्हा शर्वाणीनं सात वर्षांच्या विद्यार्थ्यांची, पहिल्या श्रेणीत आलेली सगळी चित्रं समितीपुढं ठेवली. शेकडो हात, शेकडो नजरा आणि लांडगी एकच. जबड्याच्या रेषेत केसाइतकाही फरक नाही.

नसणारच. ज्यांच्या चित्रात फरक होता, त्यांना ती नापास करत आली होती.

परवानगी मिळाली. शर्वाणीला शाल आणि श्रीफळ मिळालं. कोल्हापुरातच केंद्र उभं राहिलं आणि लोकांनी त्याला आपल्या सोयीचं नाव दिलं: थांबा. "काकांना थांब्यावर ठेवलंय," असं लग्नात भेटलेली माणसं सहज सांगू लागली. आत काही बदल होतोय, आतल्या माणसाला त्रास होतोय असं घरच्यांनी सिद्ध केलं, तर पेटी तापवून सगळं संपवायचं. त्याला विसर्जन म्हणत. त्यासाठी मात्र त्याच समितीची परवानगी लागे. एरवी तो खून.

*

निरंजनला स्वादुपिंडाचा कर्करोग निघाला तेव्हा शर्वाणीनं डॉक्टरांकडून घरी यायच्या आत ठरवून टाकलं होतं.

निरंजन एसटीच्या वर्कशॉपातून फोरमन म्हणून निवृत्त झालेला. सरळ माणूस. इंजिनाचा आवाज ऐकून दुखणं सांगायचा, आणि स्वतःचंही त्यानं तसंच सांगितलं. "ह्याला आता पार्ट मिळत न्हाईत. सोडून द्यायचं."

"सोडून काय द्यायचं? थांब्यावर जायचं."

"आयुष्य एसटीत काढलं, आणि शेवटाला परत थांब्यावरच बसवतीस व्हय?" तो हसला. मग हसू मावळलं. "शर्वू, मला घरात मरू दे की. गॅलरीतनं रंकाळा दिसतो, चारजण भेटून जातील. मग पंचगंगेत सोडा. झालं की."

"झालं कसं? मी काय करायचं मागं?"

हे तिनं इतकं जोरात म्हटलं की शेजारच्या कुणीतरी खिडकी लावून घेतली. तिला मूल नव्हतं, भाऊबहीण नव्हते. आयुष्यभर जगाला घालून पाडून बोलणाऱ्या या बाईशी उलट बोलणारा आणि तरीही संध्याकाळी तिच्यासाठी गवती चहा टाकणारा एकच माणूस होता. तो तिला सोडायचा नव्हता, मग त्याला काहीही वाटो. प्रेमच होतं ते. प्रेमात माणूस दुसऱ्याला विचारून बघतो तेवढंही तिनं केलं नाही, इतकं ते प्रेम होतं.

निरंजननं महिनाभर नाही म्हटलं. मग दुखणं वाढलं, अंगातला जोर कमी झाला आणि नाही म्हणायचाही कमी झाला. एका दुपारी त्यानं विचारलं, "तिथं कळत न्हाई ना काय? खरं सांग. दुखलं बिखलं तर सांगताबी यायचं न्हाई."

"बारा वर्षं मी तिला बघतेय, निरंजन. पापणी हललेली नाही. हलली असती तर मला दिसलं नसतं का?"

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी तिनं त्याचं चित्र काढलं होतं आणि त्याच्या भुवईतली टाक्यांची जुनी खूण, जी त्याच्या आईलाही आठवत नव्हती, ती त्यात आली होती. तिच्या डोळ्यापुढं वाद घालायची त्याची कधीच छाती झाली नव्हती.

"तू म्हणतीस तर बसतो," तो म्हणाला.

केंद्रात भुलीचं इंजेक्शन देताना त्यानं तिचा हात धरला होता. पकड ढिली पडली तेव्हा परिचारिकेनं तो हात अलगद काढून त्याच्या छातीवर ठेवला. दुसऱ्या दिवशी तो पेटीत होता, डोळे मिटलेले, चेहरा धुतल्यासारखा स्वच्छ. शर्वाणी समाधानानं घरी आली आणि बऱ्याच महिन्यांनी पोटभर जेवली.

*

पुढचे काही महिने ती रजेवर होती. कामावर परतली तो गुरुवारच होता. वर्ग घेऊन ती मधल्या दालनात आली आणि लांडगीसमोर उभी राहताच तिला कळलं की आज हिच्याकडं बघवत नाही. पेटी तीच, उजेड तोच, आतली ती स्वच्छ शांतताही तीच. नजर टाकली की लांडगी दिसायच्या आत निरंजन दिसत होता.

मग तिनं पळवाट काढली. पहिल्या वर्षाला एक पाठ देतात: वस्तू काढायची नाही, वस्तूच्या भोवतीची रिकामी जागा काढायची. खुर्ची काढू नका, खुर्चीच्या पायांमधली हवा काढा. खुर्ची कशी असते ते आपल्याला पाठ असतं, म्हणून आपण ती न बघताच काढतो. हवा कुणाला पाठ नसते. ती बघावीच लागते. हा पाठ वर्गात खुर्च्या-मडक्यांवर व्हायचा, लांडगीवर कधी झाला नव्हता.

"आज लांडगी काढायची नाही," तिनं जाहीर केलं. "लांडगीभोवतीची हवा काढायची. बघा माझं."

तिनं कोळशाची कांडी घेतली आणि कडेनं काळं करायला सुरुवात केली. पोटाखालचा तुकडा, मागच्या पायांमधला त्रिकोण, मानेवरचा मोठा भाग. काम बरं वाटत होतं. जनावर नाही, माणूस नाही, नुसते आकार. ती नाकापाशी आली, नाकाच्या टोकावरून खाली उतरली आणि कांडी आत वळली. दोन ओठांमध्ये एक छोटा काळा कोपरा झाला. हरभऱ्याच्या दाण्याएवढा.

तिला वाटलं, हात चुकला. तिनं परत बघितलं. तिथं हवा होती. मिटलेल्या तोंडात हवा नसते.

मग ती बघायला लागली. बारा वर्षांत पहिल्यांदा. कान टवकारलेले नव्हते, मागं चालले होते. गालाचा स्नायू आवळला होता. खालची पापणी वर ओढली गेली होती. तीस वर्षं प्राण्यांचे स्नायू शिकवलेल्या बाईला हे तीन एकत्र दिसल्यावर त्याचा अर्थ कुणाला विचारायला लागत नाही. मार बसलेल्या कुत्र्याचं तोंड असं होतं, ओरडायच्या आधी.

"मॅडम, तोंडात काळं गेलं," मागून ओजस म्हणाला. ओजस सरनोबत, शेवटच्या वर्षाचा, तिचा सगळ्यात लाडका विद्यार्थी. "मिटलेलं आहे की ते."

*

केंद्राचे मुख्य शास्त्रज्ञ डॉ. उपाध्ये भला माणूस होता. म्हणजे दार लावून घेऊन खरं बोलण्याइतका भला.

"बदल अगदी शून्य होईल असं आम्ही कुणाला सांगितलं नव्हतं," तो म्हणाला. "काच म्हणजे काय? न वाहणारा द्रव म्हणतात, पण वाहतो, फार फार सावकाश. शरीराचंही तेच. आतल्यांचा एक सेकंद व्हायला आपली तीन वर्षं लागतात."

"मग लांडगीचे चार सेकंद झाले."

"हो."

"भूल दिलेल्या जनावराचं तोंड असं होत नाही."

उपाध्येनं टेबलावरची पाण्याची बाटली उचलली आणि न पिता ठेवली. "भुलीच्या औषधाचा रेणू फार लहान असतो. बाकीचे रेणू काचेत अडकतात, तो अडकत नाही. मच्छरदाणीतून धूर जावा तसा निघून जातो. दीडएक वर्षात सगळं औषध अंगाबाहेर."

"आणि मग?"

"मग त्यांना जाग येते. नसांत ते द्रावण असतंच. आग होते त्याची. फार. आपल्याला मिरची लागली तर आपण हात झटकतो. त्यांचा हात झटकून व्हायला दहा वर्षं जातील."

शर्वाणीनं बोटांवर मोजलं. "निरंजनला सात महिने झाले."

"म्हणजे अजून वेळ आहे," तो घाईनं म्हणाला. "ते अजून झोपेत आहेत. आत्ता विसर्जन केलं तर त्यांना काही कळणारसुद्धा नाही. अर्ज करा. लांडगीत बदल झालाय एवढं समितीला पटवा."

"तुम्ही चला माझ्याबरोबर. हे जे आत्ता बोललात ते तिथं बोला."

"चार हजार माणसं आहेत आत, बाई. त्यातली निम्मी जागी आहेत. त्यांच्या घरी मी काय सांगू? परत आणता येत नाही हे? तिथं मला कुणी विचारलं तर मी सांगेन, जुनं कातडं आकसतं." त्यानं दार उघडून धरलं. "वाईट वाटून घेऊ नका."

*

तिला साक्षीदार हवा होता, आणि एक तिला माहीत होता. सहा वर्षांपूर्वी गौतमी मगदूम नावाच्या मुलीनं लांडगीचं तोंड किलकिलं काढलं होतं. शर्वाणीनं कोपऱ्यात मिटलेलं तोंड काढून दाखवलं. पुढच्या गुरुवारी मुलीनं परत किलकिलं काढलं. असं वर्षभर. शेवटी शर्वाणीनं तिला नापास केलं, आणि ती कॉलेज सोडून गेली.

आता तिचं गंगावेशीत गोंदणाचं दुकान होतं. एका पैलवानाच्या दंडावर ती मारुती गोंदत होती. शर्वाणीला बघून तिनं सुई थांबवली नाही.

"बोला मॅडम."

शर्वाणीनं सगळं सांगितलं. माफी मागायचं ठरवून आली होती, पण त्या बाईला माफी मागायची सवय नव्हती. शब्द अवघडले आणि ते एखाद्या तक्रारीसारखेच बाहेर पडले.

"तेव्हा इतकुसं होतं," गौतमी म्हणाली, "तांदळाएवढं. आता केवढं हाय?"

"हरभऱ्याएवढं."

सुई थांबली. गौतमीनं मान वर केली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते शर्वाणीसाठी नव्हतं. "मी घरी जाऊन रडायची, मॅडम. मला वाटायचं मलाच दिसत न्हाई. मी डोळं तपासून आलेली. आई म्हणायची, एवढ्या मोठ्या बाई खोटं सांगतील व्हय?" तिनं पैलवानाचा दंड पुसला. "येते मी. तुमच्यासाठी न्हाई. तिच्यासाठी येते."

ती आली. शर्वाणीच्या अर्जाची सुनावणी संग्रहालयाच्या मधल्या दालनातच होती, आणि समितीच्या कारकुनानं गौतमीला तिथं दारातच थांबवलं. चित्रकलेत नापास झालेल्या व्यक्तीची साक्ष धरता येत नव्हती, आणि तिच्या निकालाखाली परीक्षकाचा शेरा होता: निरीक्षणशक्ती नाही. परीक्षकाची सही शर्वाणीला ओळखायची गरज नव्हती.

*

समितीचे अध्यक्ष कर्णिक म्हणून निवृत्त न्यायाधीश होते. मऊ बोलायचे. त्यांची आई चार वर्षांपासून थांब्यावर होती. सभासदांनी लांडगीभोवती दोन फेऱ्या मारल्या. एकाला फट दिसली, दुसऱ्याला सावली वाटली, तिसरीनं आपलं मत राखून ठेवलं, आणि कर्णिकांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला आणि पुन्हा घातलाच नाही. डॉ. उपाध्येनं कातडं आकसतं हे सांगून टाकलं. शर्वाणीनं तीन वर्षांच्या एका सेकंदाचा हिशेब सांगून आपलं कोळशाचं चित्र पुढं केलं तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यावर जी कणव आली, ती कसली ते तिला कळून चुकलं. नवरा गेलेल्या बाईचं चित्र बघतात तसं ते बघत होते.

"आपण न्यायानं जाऊ," कर्णिक म्हणाले. "सात वर्षांची चित्रं तुम्हीच आम्हाला दिली होती. ती खरी धरायची तर हे खोटं. तेव्हा ज्यांचा हात पक्का आहे अशांकडून आमच्यासमोर चित्रं काढून घेऊ. पहिल्या श्रेणीतले बारा विद्यार्थी. कशासाठी ते त्यांना सांगायचं नाही. तुम्ही मागं बसायचं आणि बोलायचं नाही."

नियम चोख होते. दाराशी टांगलेलं शर्वाणीचं चित्रसुद्धा त्यांनी उतरवून आत नेऊन ठेवलं, कुणाची नजर जाऊ नये म्हणून.

बाराजण अर्धवर्तुळात बसले. शर्वाणीची जागा अशी होती की तिला त्यांचे कागद दिसत होते आणि कागदांपलीकडे लांडगी. तिनं मनातल्या मनात एकेकाला हाक मारायला सुरुवात केली. बघ. एकदा तरी बघ. तिनं शिकवलेले हात होते ते. सरळ, निर्धास्त चालले होते. पाठ, पोट, मान. मानेवरून डोकं, डोक्यावर टवकारलेले कान. एकानं टवकारले, मग दुसऱ्यानं, मग सगळ्यांनी.

ओजस सगळ्यात पुढं होता. तोंडाशी आल्यावर त्याची पेन्सिल अडली. त्यानं लांडगीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, परत लांडगीकडे बघितलं. कपाळावर आठी आली. शर्वाणी खुर्चीच्या कडेवर आली. त्याला दिसलं होतं. त्याला स्पष्ट दिसलं होतं, आणि एक क्षणभर निरंजन सुटला होता. घरच्या अंथरुणात मेलेल्या माणसासारखा, कुणालाही काही न कळता.

मग ओजसनं मान झटकली, स्वतःवरच चिडल्यासारखी, आणि एका सफाईदार रेघेत तोंड मिटवून टाकलं.

चित्रं गोळा झाली. सभासद ती चाळत असताना विद्यार्थी बाहेर निघाले. जाता जाता ओजस तिच्यापाशी वाकला. तिला काहीतरी मोठी अडचण आहे एवढं त्याला कळलं होतं, आणि मदत केल्याचा आनंद त्याच्या तोंडावर मावत नव्हता.

"काळजी करू नका मॅडम," तो कुजबुजला. "जबड्याशी मला जरा भास झाला, पण सावरलो. आणि मी सगळ्यांचे कागद बघितलेत की. एकानंही चूक केलेली न्हाई."

तिनं त्याच्याकडे बघितलं. इतका गुणी मुलगा. तिला त्याचा गळा धरावासा वाटला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

कर्णिकांनी बारा कागद एकावर एक नीट रचले. त्यांच्या आवाजात सुटकेचा ओलावा होता. "बदल नाही," ते म्हणाले. "बारा म्हणजे बारा. अर्ज नामंजूर करावा लागतोय. फेरविचाराचा अर्ज नियमानं तीन वर्षांनी करता येईल."

"तीन वर्षांनी?" शर्वाणी उठून उभी राहिली. "साहेब, अकरा महिन्यांत त्याच्या अंगातली भूल जाईल. तो जागा होईल. ह्यांना विचारा." तिनं उपाध्येकडे बोट केलं. उपाध्ये आपली फाईल पिशवीत घालत होता. "तुमच्या आईला विचारा! त्यांच्याजवळ जाऊन नीट बघा एकदा!"

कर्णिकांचा चेहरा पांढरा पडला, मग हळूहळू त्यावर पूर्वीचा मऊपणा परत आला. ते टेबलाला वळसा घालून तिच्याजवळ आले आणि वडीलमाणसानं ठेवावा तसा त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाई, तुमचंच खरं धरू," ते हळू आवाजात म्हणाले. "तीन वर्षं म्हणजे त्यांचा एक सेकंद, असंच ना? मग एकच सेकंद तर काढायचाय त्यांना. तेवढा काढतील ते."

शर्वाणीनं बोलायला तोंड उघडलं. तोवर सभासद चहाला उठले होते.